करंगळी बधिर होणे आणि बी-12

करंगळी व अनामिकेला मुंग्या येणे म्हणजे बी-12 ची कमतरता, कोपराला मार लागलेला नसेल तर कोपराचा संबंध नाही, आणि हात दुमडताना नस हाडावरून सरकत असेल तर शस्त्रक्रिया अटळ, असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. यातले एकही विधान टिकत नाही, आणि पहिले सर्वांत घातक आहे, कारण ते वाचून लोक इंजेक्शने घेत महिने घालवतात.

बी-12 कमी असल्यास मुंग्या सहसा आधी पायांत आणि दोन्ही बाजूंना येतात. याउलट एकाच हाताची करंगळी आणि अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भाग बधिर होत असेल, तर संशय अल्नर चेतेवर, म्हणजे कोपरामागून करंगळीकडे जाणाऱ्या नसेवर जातो. त्यात हाताच्या पाठीची त्या बाजूची त्वचाही बधिर असेल तर दाब मनगटात नसून त्याच्या वर असतो. कारण त्या त्वचेकडे जाणारी या चेतेची शाखा मनगटाच्या आधीच फुटते. बधिरता कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या कडेलाही असेल, तर मानही तपासावी लागते.

मार लागण्याची मुळीच गरज नसते. कोपराच्या आतल्या उंचवट्यामागून ही चेता एका पट्ट्याखालून जाते. कोपर दुमडला की पट्टा ताणला जातो, वाट अरुंद होते आणि चेताही ताणली जाते. म्हणूनच फोन कानाशी धरल्यावर किंवा हात दुमडून झोपल्यावर त्रास वाढतो. काहींच्या कोपरात या पट्ट्याच्या जागी अँकोनियस एपिट्रॉक्लिॲरिस हा जादा स्नायू असतो. तो एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसतो. मात्र तो असूनही अनेकांना आयुष्यभर काहीच होत नाही, त्यामुळे केवळ तो दिसला म्हणून घाबरू नये.

नस सरकण्याचेही तसेच आहे. चाइल्ड्रेस या डॉक्टरांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तक्रार नसलेल्या सुमारे 16 टक्के लोकांत ती सरकताना आढळली. सौम्य त्रासात रात्री कोपर सरळ ठेवणे आणि त्यावर टेकणे टाळणे, हाच पहिला उपचार असतो.

कुष्ठरोगाचा तर संदेशात उल्लेखही नाही, आणि महाराष्ट्रात तो विसरून चालणार नाही: त्यात हीच चेता कोपरामागे दोरीसारखी जाड लागते. सरकारी आरोग्य केंद्रांत त्यावर मोफत औषधे मिळतात. अंगठा आणि तर्जनी यांमधला मांसल भाग खोलगट दिसू लागला, किंवा त्या दोहोंत कागद धरताना अंगठ्याचे टोक वाकू लागले, तर स्नायू दुबळे होऊ लागले आहेत असे समजून लगेच डॉक्टरांकडे जावे. झिजलेला स्नायू नंतर पूर्ण भरून येईलच असे नाही.