‘राक्षसच तर मरतात’ : डीमन स्लेयर कोणत्या वयाला दाखवायची?

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत आणि ॲनिमेवेड्यांच्या पानांवर एक मजकूर बराच काळ फिरतोय. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो. ‘डीमन स्लेयर’ ही जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका, मुलांना बिनधास्त दाखवा. शेवटी कार्टूनच आहे. जपानमध्ये बालवाडीतली पोरंसुद्धा बघतात. मरतात ते राक्षस, माणसं नव्हेत. आपल्या रामायण-महाभारतात काय कमी मारामारी आहे? आणि भावाबहिणीच्या प्रेमाची एवढी सुंदर गोष्ट मुलांना दुसरीकडे कुठे मिळणार?

मला ही मालिका फार आवडते, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर ‘आले संस्कृतिरक्षक’ म्हणून पुढचं कोणी वाचायचं नाही. याच्या उलट टोकाचा मजकूरही येतो, ॲनिमेने पोरं हिंसक होतात, सगळं बंद करा म्हणणारा. तो लिहिणाऱ्यांनी एकही भाग पाहिलेला नसतो, त्यामुळे त्यांच्याशी काय बोलणार? हा पहिला मजकूर मात्र आपल्यातल्याच कोणीतरी लिहिलाय आणि प्रेमापोटी लिहिलाय. तो तेरा-चौदा वर्षांच्या मुलांबद्दल असता, तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्यात वय कुठेच नाही. नुसतंच ‘मुलांना’. आणि तेवढ्यावर विसंबून पहिली-दुसरीतल्या पोराच्या हातात फोन देणारे आईबाप मी पाहिलेत.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. साधारण शंभर वर्षांपूर्वीचा, तैशो काळातला जपान. डोंगरावर राहणारा तान्जिरो कोळसा विकून आईला आणि भावंडांना जगवतो. एक रात्र त्याला घराबाहेर काढावी लागते, सकाळी परततो तर दारात रक्त. सगळे गेलेले, एक बहीण, नेझुको, तेवढी जिवंत आणि तीही राक्षस होऊ लागलेली. तिला पुन्हा माणूस करायचं म्हणून तो राक्षस मारणाऱ्यांच्या संघात दाखल होतो. राक्षस मरतो तो उन्हाने, नाहीतर खास तलवारीने मुंडकं उडवल्यावर. त्यामुळे मुंडकी उडतात, आणि पुष्कळ उडतात.

आता एकेक मुद्दा.

‘कार्टूनच आहे.’ हे झटपट उरकतो. चित्र हाताने काढलंय यावरून ते कोणासाठी काढलंय हे कळत नाही. आपल्याकडे लहान पोरांचा म्हणून घराघरांत शिरलेला शिनचॅन १९९० मध्ये सुरू झाला तो मोठ्यांच्या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, साप्ताहिकात. डीमन स्लेयर ही कोयोहारु गोतोगे यांची मांगा २०१६ ते २०२० या काळात ‘शोनेन जंप’मध्ये चालली. ते मुख्यतः किशोरवयीन मुलांचं साप्ताहिक, बालवाडीचं नव्हे. शिवाय चित्रातलं मूल खरं मानत नाही, हाही समजच. अल्बर्ट बँडुरा यांनी १९६३ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटाला त्यांनी कार्टूनसारखं मांजर एका फुगीर बाहुल्याला बडवताना दाखवलं. त्या गटातल्या पोरांनीही नंतर बाहुल्याला बडवलंच. अर्थात बडवण्यासाठीच बनवलेल्या बाहुल्याला मारणं आणि शेजारच्या बंड्याला मारणं यांत फरक आहे, म्हणून ‘ॲनिमे पाहून पोरं गुंड होतात’ असं यातून निघत नाही. निघतं ते एवढंच, की कार्टून आहे म्हणून मनावर काही उमटत नाही, असं नाही.

‘जपानमध्ये बालवाडीतली पोरं बघतात.’ हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवं. २०२० मध्ये जपानमध्ये या मालिकेचा जो ज्वर चढला होता त्याला तोड नाही. पंतप्रधान सुगा यांनी संसदेत प्रश्नांना उत्तरं देताना तान्जिरोचा श्वासाचा मंत्र वापरला होता. तान्जिरोच्या हिरव्या-काळ्या चौकटीचं कापड पोरांच्या अंगावर दिसत होतं. बेनेस्से या शैक्षणिक कंपनीने त्या वर्षी शाळकरी मुलांना त्यांचा आदर्श कोण असं विचारलं, तर पहिला आला तान्जिरो. दुसरी आई. पण ही मुलं तिसरी ते सहावीची होती. अंगावर चौकटीचा अंगरखा घालणं म्हणजे सगळे भाग पाहिलेले असणं नव्हे. आपल्याकडे स्पायडरमॅनचं दप्तर पाठीला लावणाऱ्या किती पोरांनी त्याचे सिनेमे पाहिलेत?

शिवाय जपानने स्वतः काय केलं तेही पाहा. २०१९ मध्ये टोकियोत ही मालिका सुरू झाली ती रात्री साडेअकराला. ‘मुगेन ट्रेन’ हा याच मालिकेचा सिनेमा २०२० मध्ये आला, त्याला तिथे ‘पीजी १२’ मिळालं, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा. अमेरिकेत त्याच सिनेमाला ‘आर’ दिलं गेलं, सतरा वर्षांखालच्यांसोबत मोठं माणूस हवंच. डिसेंबर २०२१ मध्ये पुढचं पर्व टीव्हीवर आलं, तेव्हा जपानमधल्या पालकांचीच पंचाईत झाली. ते पर्व घडतं योशिवारात, टोकियोच्या जुन्या वेश्यावस्तीत. ‘आई, ही जागा कसली?’ या प्रश्नाला काय सांगायचं, यावर तिकडे भरपूर चर्चा झाली. तेही पर्व लागायचं रात्री सव्वाअकराला. तेव्हा ‘जपान चालवून घेतो’ म्हणणाऱ्यांनी जपानचा निम्माच भाग उचललाय. पोरं बघत होती हे खरं, पण शेजारी आईबाप बसलेले असावेत हीच तिथली अपेक्षा होती.

जाता जाता, ‘भारतात सेन्सॉरने पास केलंय’ असंही कोणी कोणी जोडतं. आपल्याकडे २०२४ पासून सिनेमाच्या यूए प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा असे वयाचे टप्पे आलेत. ते टप्पे म्हणजे पालकांना दिलेला सल्ला. निर्णय आपल्यावरच सोडलाय, घेऊन टाकलेला नाही.

‘मरतात ते राक्षस, माणसं नाहीत.’ सगळ्यात जास्त मला हेच खटकतं, आणि ते मुलांच्या काळजीपेक्षा मालिकेच्या प्रेमामुळे खटकतं. जिने हा भेद पुसायला जिवाचं रान केलं, तिच्याच बचावाला तो भेद वापरायचा? कोळी-कीटकांच्या डोंगरावरचा रुई नावाचा राक्षस घ्या. जन्मापासून आजारी, चालताना धाप लागणारं पोर. राक्षसांचा म्होरक्या मुझान त्याला राक्षस करतो आणि अंगात बळ येतं. मग तो माणूस खातो, आणि ते कळल्यावर बाप सुरी घेऊन त्याच्या अंगावर येतो. रुई आईबापांना मारतो. मरता मरता आई त्याचीच माफी मागते, तुला धड शरीर देता आलं नाही म्हणून. तेव्हा त्याला कळतं की बाप त्याच्यासोबत स्वतःही मरणार होता. पुढे डोंगरावर तो धाक दाखवून एक खोटं कुटुंब उभं करतो आणि त्यातल्या ‘बहिणी’चा चेहरा ओरबाडतो. एवढं सगळं करून रुईचं मुंडकं उडतं, राख होते, अंगावरचे कपडे उरतात. तान्जिरोच्याच संघातला गियू त्या कपड्यांवर पाय देतो, तर तान्जिरो त्याला पाय काढ म्हणतो. हे राक्षस आपल्यासारखीच माणसं होती, म्हणतो.

हे दृश्य मला आजही गलबलून टाकतं. पण सात वर्षांच्या पोराला यात काय दिसणार आहे? आजारी मुलाला मारायला निघालेले आईबाप. त्यांना मारणारं मूल. ‘राक्षस मेला’ एवढ्यावर जे मूल थांबतं, त्याला मालिका कळलेली नाही. आणि जे थांबत नाही, त्याच्या पदरात आपण फार मोठं काहीतरी टाकलंय. दोन्हीकडून ‘राक्षसच तर’ हा दिलासा कामाचा नाही.

लहान मुलांच्या भीतीबद्दल एक जुना अभ्यास इथे उपयोगी पडतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत जोआन कँटर आणि ग्लेन स्पार्क्स यांनी ‘हल्क’ मालिकेतला प्रसंग वेगवेगळ्या वयाच्या मुलांना दाखवला. बालवाडीतली मुलं सगळ्यात जास्त घाबरली ती सज्जन माणसाचा हिरवा हल्क झाल्यावर. मोठ्यांना माहीत होतं, तो आता वाचवायलाच आलाय. धाकट्यांना समोर दिसत होतं तेवढंच खरं होतं. आता नेझुकोकडे पाहा. तोंडात बांबू, पेटीत बसलेली, आपल्याला गोंडस वाटणारी. योशिवाराच्या पर्वात तिला शिंग फुटतं, ती जखमी बाईवर धावून जाते आणि तान्जिरो तिला मागून आवळून धरत आईचं अंगाईगीत म्हणतो. अंगाई ऐकू येईपर्यंत पाच वर्षांचं पोर खोलीबाहेर पळालेलं असेल.

‘रामायण-महाभारतात काय कमी आहे?’ मुद्दा वजनदार आहे, उडवून लावण्यासारखा नाही. नरसिंह हिरण्यकश्यपूचं पोट फाडतो, भीम दुःशासनाचं रक्त पितो, आणि या गोष्टी आपण झोपताना ऐकल्या. पण कोणाकडून ऐकल्या? आजी सांगायची तेव्हा खांब कडाडायचा, सिंह बाहेर यायचा, आणि राक्षस मेला, प्रल्हाद सुखी झाला. आतडी यायची नाहीत. ती आली असतील तर नातू दहा-बारा वर्षांचा झाल्यावर, तोही ‘पुढे काय, पुढे काय’ करत मागे लागल्यावर. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाहत गोष्ट आवरती घेणं ही सांगणाऱ्याची कला होती. मालिका बनवणाऱ्या युफोटेबल स्टुडिओने रंगवलेलं रक्त कोणाचे डोळे पाहून थांबत नाही. बर्फावर सांडलेलं, अजून वाफ निघतेय असं वाटावं इतकं सुरेख ते रंगवलेलं असतं. वर आवाज. त्या स्टुडिओची कारागिरी जितकी अव्वल, तितकं हे अंगावर येतं. महाभारताशी तुलना करायचीच असेल, तर मुलांसोबत बसणारी आजीही हिशेबात धरा.

आणि मग ‘भावाबहिणीचं प्रेम’. आहेच. पण प्रेम कळायला वेळ लागतो, भीती लगेच पोचते. माझ्या आठ वर्षांच्या भाचीने दिवाळीच्या सुट्टीत थोरल्या भावाशेजारी बसून पहिला भाग पाहिला. रक्ताबद्दल चकार शब्द नाही. आम्ही सगळे म्हणालो, पोरगी धीट आहे. दोन दिवसांनी तिचे बाबा कामासाठी नाशिकला एक रात्र मुक्कामी जायला निघाले, तर ती चप्पल लपवून बसली. खूप विचारल्यावर म्हणाली, ‘मामा, तो दादा एकच रात्र बाहेर राहिला होता ना?’ आम्ही रक्ताकडे पाहत होतो, आणि तिला लागलं होतं ते त्या एका रात्रीचं.

म्हणूनच ‘किती रक्त आहे’ हा मापदंड मला अपुरा वाटतो, आणि दोन्ही बाजू तोच घेऊन भांडतात. मला कुठलं दृश्य सगळ्यात अवघड वाटतं सांगू? एकही मुंडकं नाही. ‘मुगेन ट्रेन’मध्ये तान्जिरो स्वप्नात अडकतो. स्वप्नात त्याचं सगळं कुटुंब जिवंत आहे. तिथून जागं व्हायचं तर स्वप्नात स्वतःला संपवावं लागतं, आणि तो ते करतो, पुन्हा पुन्हा करतो. एकदा तर जागेपणीच करायला जातो आणि त्याचा साथीदार इनोसुके त्याचा हात धरतो. गोष्टीत हे धैर्य म्हणून येतं. सोळा वर्षांचं पोर ते रूपक म्हणून घेऊ शकतं. दहा वर्षांच्या पोरासमोर हे आलं तर शेजारी मोठं माणूस असलंच पाहिजे, आणि सिनेमा थांबवून त्यावर बोललंही पाहिजे. मजकुरात या दृश्याचा उल्लेखही नाही.

तसाच तान्जिरोचा दुसरा साथीदार झेनित्सु. भित्रा, विनोदी, सगळ्यांचा लाडका. रस्त्यात भेटलेल्या मुलीच्या गळ्यात पडून ‘माझ्याशी लग्न कर’ म्हणून रडतो, ती नको म्हणते तरी सोडत नाही, आणि हे हसायला म्हणून. अकरा वर्षांच्या मुलाशी कशावर बोलावं, तर यावर. राक्षसांवर नंतर.

माझा अंदाज विचाराल तर असा. आठ वर्षांपर्यंत नको, हट्ट केला तरी नको. अकरा-बाराला पहिलं पर्व सोबत बसून, ‘मुगेन ट्रेन’ त्यानंतर आणि गप्पांसकट. योशिवाराचं पर्व चौदा-पंधराच्या आत काढू नये, कारण तिथे मुली विकल्या जातात आणि एका तेरा वर्षांच्या मुलीला जिवंत जाळलं जातं. मधल्या नऊ-दहाच्या मुलांचं मात्र वयावरून ठरत नाही. एखादं पोर सिनेमातलं कुत्रं मेलं तरी आठवडाभर जेवत नाही, एखादं शांतपणे विचारतं, हे रक्त कुठल्या रंगाने काढतात? तुमचं कुठलं, ते फिरत आलेल्या मजकुराला माहीत नाही.

एक शेवटचा मुद्दा उरतो, तो मजकुरात नसतो पण त्याखालच्या चर्चेत हमखास येतो : ‘वर्गातल्या सगळ्यांनी पाहिलंय, आमचाच एकटा पडतो.’ ही अडचण खरी आहे. पण वर्गातल्या ‘सगळ्यांनी’ बहुतेक वेळा मारामारीचे तुकडे पाहिलेले असतात, अर्ध्या-अर्ध्या मिनिटांचे, पाण्याच्या लाटेसारखी फिरणारी तलवार आणि वर गाणं. तेवढं तुमच्या पोरालाही दाखवता येईल. आधी तुम्ही मात्र पहिला भाग, चौथा, आणि रुईचे अठरा ते एकवीस पाहून घ्या. दोन-अडीच तासांचं काम आहे. मुलं झोपल्यावर पाहा, आवाज चालू ठेवून.