खुलासा: आयबीएम पीसी ‘पहिला’ नव्हता

‘जगातला पहिला पर्सनल कॉम्प्युटर आयबीएमने १९८१ मध्ये काढला, म्हणून प्रभावाच्या क्रमवारीत तो पहिला’ असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. वर्ष बरोबर आहे, बाकी गल्लत आहे.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी आला, त्याच्या चार वर्षं आधीच, १९७७ मध्ये, ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० बाजारात आले होते. त्याही आधी, जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. त्याला ना कीबोर्ड, ना पडदा. मेमरी अवघी २५६ बाइट. पुढच्या पट्टीवरची बटणं खालीवर करून एकेक बाइट भरायचा आणि उत्तर लुकलुकणाऱ्या दिव्यांत वाचायचं. हौशी लोकांचंच काम ते! पण याच यंत्रासाठी बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती लिहून बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी मायक्रोसॉफ्ट सुरू केली. १९७१ चा केनबॅक-१ तर आणखी जुना, पण त्याचे जेमतेम काही डझन नग विकले गेले.

मग आयबीएमचा प्रभाव खोटा का? मुळीच नाही. त्यांनी प्रोसेसर इंटेलचा घेतला, डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची घेतली, अंतर्गत रचनाही छापून मोकळे झाले. स्वतःचं म्हणावं असं मुख्यतः बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करून त्याचे भाग चालवणारा मूळ प्रोग्रॅम, उरलं. कॉम्पॅक या कंपनीने तेही मूळ कोड न उचलता नव्याने लिहिलं आणि ‘आयबीएम कम्पॅटिबल’, म्हणजे आयबीएम पीसीचेच प्रोग्रॅम चालवणाऱ्या इतरांच्या यंत्रांचं पेव फुटलं. क्रमवारीत त्याला वर ठेवायचं तर या कारणासाठी ठेवा.