गाणे ऐकायचे की ट्रक मोजायचे?

यू-टू या आयरिश रॉक बँडच्या चाहत्यांमध्ये दौऱ्याचा विषय निघाला की बघता बघता दोन तट पडतात आणि तेच ते भांडण नव्याने सुरू होते, याचा मला आता मनापासून वीट आला आहे. एका तटाचे म्हणणे असे की एवढे पैसे मोजून स्टेडियममध्ये जायचे तर डोळे दिपलेच पाहिजेत, नाहीतर घरी बसून ऐकलेले काय वाईट. दुसऱ्या तटाच्या मते चार माणसे, त्यांची वाद्ये आणि एक पांढरा दिवा एवढेच खरे संगीत असून बाकी सारा भपका आहे. दोन्हीकडचे लोक हमरीतुमरीवर येतात, पडद्याची लांबी आणि सामान वाहणाऱ्या ट्रकांची संख्या तोंडपाठ म्हणून दाखवतात, पण त्या रात्री गाणे कसे झाले हे विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

त्यातही माझा जास्त राग आहे तो 'पैसा वसूल'वाल्यांवर. १५ डिसेंबर २०१९ रोजी हा बँड भारतात पहिल्यांदा वाजवणार होता, तेही नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. इथल्या चाहत्यांनी या एका रात्रीसाठी दशकानुदशके वाट पाहिली होती. त्या दौऱ्याची आखणीच अशी होती की सुरुवातीची गाणी प्रेक्षकांत शिरलेल्या छोट्या रंगमंचावर व्हायची आणि मागचा अवाढव्य पडदा तोवर मुद्दाम बंद ठेवलेला असायचा. चौघे जण अगदी जवळ जवळ उभे राहून त्यांची सुरुवातीच्या काळातली गाणी वाजवत होते. ड्रमचा प्रत्येक ठोका छातीत उतरत होता. आणि माझ्या शेजारी काय चालले होते? "अरे, स्क्रीन कधी चालू करणार? एवढे पैसे घेतात आणि हे काय?" असे मोठमोठ्याने बोलणे, खाण्यापिण्याच्या ऑर्डरी, कोण कुठे उभे आहे याचे फोन. मग चौघे मुख्य रंगमंचावर गेले, पडदा लालभडक झाला, त्यावर काळे झाड उभे राहिले आणि इतका वेळ गप्पा मारणाऱ्या त्याच मंडळींनी एका क्षणात मोबाइल उंचावले. पुढची सगळी गाणी मी त्यांच्या कोपरांच्या फटीतून पाहिली. बँड समोर प्रत्यक्ष वाजवत असताना हे लोक कार्यक्रम सुरू होण्याची वाट पाहत होते! तळपायाची आग मस्तकात जाते ती यामुळे.

म्हणून मी साधेपणाच्या तटात जाऊन बसावे, तर तिथलाही युक्तिवाद ऐकवत नाही. १९९२ मध्ये सुरू झालेल्या झू टीव्ही दौऱ्यात रंगमंचावर दूरचित्रवाणी संचांची रांग होती, पूर्व जर्मनीच्या ट्राबांट गाड्या दिव्यांसाठी वर टांगलेल्या होत्या, आणि बँडचा गायक बोनो हातात रिमोट घेऊन वाहिन्या बदलत असे. तो भपका गाण्यांवर वरून चिकटवलेला नव्हता. चहूबाजूंनी आदळणाऱ्या चित्रांत माणसाचे काय होते हाच त्या दौऱ्याचा विषय होता. १९९३ मध्ये त्याच पडद्यांवरून बोस्नियाच्या युद्धात वेढ्यात अडकलेल्या सारायेवो शहरातली माणसे उपग्रहामार्फत थेट स्टेडियमशी बोलली. अनेकांना ते खटकले आणि त्यावर टीकाही झाली, परंतु एका पांढऱ्या दिव्याखाली ते घडूच शकले नसते. साधे ते खरे आणि मोठे ते खोटे, असे डोळे मिटून म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

१९९७ च्या पॉपमार्ट दौऱ्याची आठवण निघाली की सगळे त्या लिंबावर तुटून पडतात. ज्यातून बँड प्रेक्षकांसमोर यायचा ते जवळपास बारा मीटर उंचीचे आरसेजडित लिंबू ऑस्लोमध्ये अडकले आणि आतून चौघांना मागच्या बाजूने शिडीवरून उतरावे लागले, हा किस्सा मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता कोणी सुरू केला तरी मी उठून जातो. यंत्र आहे, अडकणारच. त्या दौऱ्यातली खरी चूक वेगळी होती आणि तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. अल्बम पुरा होण्याआधीच दौऱ्याच्या तारखा ठरल्या होत्या, त्यामुळे गाणी घाईघाईने संपवावी लागली, आणि २५ एप्रिलला लास वेगासमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा रंगमंचावरची तीस मीटर उंचीची सोनेरी कमान तयार होती, पण बँडचा सराव पुरेसा झालेला नव्हता. पुढे त्या अल्बममधली काही गाणी त्यांनी पुन्हा दुरुस्त करून प्रसिद्ध केली. कमानीसाठी गाण्याचा वेळ कापला गेला, यावर चिडायला हवे होते. आणि तीच कमान, तोच पडदा सप्टेंबरमध्ये युद्धातून सावरणाऱ्या सारायेवोत उभा राहिला, बोनोचा आवाज बसला आणि हजारो लोकांनी त्याच्या वतीने गाणी गायली. ते ऐकू येण्याच्या आड कोणतीही कमान आली नाही.

माझी तक्रार मोठ्या रंगमंचाबद्दल नाहीच, ती गाण्याला बांधून ठेवणाऱ्या यंत्रणेबद्दल आहे. पडद्यावरची चित्रफीत, दिवे आणि आधी ध्वनिमुद्रित केलेले आवाज एकाच कालसंकेतावर चालवायचे म्हटले की ड्रमरच्या कानात ताल मोजणारी क्लिक वाजते, लय ठरलेली राहते, गाण्याची लांबी ठरलेली राहते, आणि कोणते गाणे कशानंतर येणार हेही बव्हंशी ठरलेले राहते. आता १३ जुलै १९८५ चा लाइव्ह एड हा मदतनिधीसाठीचा कार्यक्रम आठवा. लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर लख्ख दिवस, म्हणून प्रकाशयोजनेचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या गाण्यात बोनो खाली उतरून प्रेक्षकांकडे गेला, सहकाऱ्यांना दिसेनासा झाला, आणि उरलेले तिघे तोच ताल धरून वाजवत राहिले. गाणे जवळजवळ बारा मिनिटे लांबले, तिसरे गाणे रद्द करावे लागले, आणि या बँडला जगभर ओळख मिळवून देणाऱ्या क्षणांत तो मोजला जातो. चित्रफितीला बांधलेल्या गाण्यात अशी मोकळीक उरते का, एवढेच मला विचारायचे आहे. '३६०' दौऱ्यातल्या रंगमंचावर उभारलेल्या त्या सुमारे पन्नास मीटर उंच पंज्यासारख्या सांगाड्याला सगळ्यांनी नावे ठेवली, पण चारही बाजूंच्या प्रेक्षकांना बँड दिसावा आणि मधे ध्वनिक्षेपकांचे मनोरे येऊ नयेत यासाठी तो उभारला होता. त्या आकाराला निदान कारण होते.

आता लास वेगासच्या स्फिअर या गोलाकार सभागृहाकडे या. २९ सप्टेंबर २०२३ पासून पुढच्या मार्चपर्यंत तिथे चाळीस प्रयोग झाले. सुमारे पंधरा हजार चौरस मीटरचा पडदा प्रेक्षकांच्या डोक्यावरून पलीकडे जातो, आणि तो अद्भुत आहे हे मी मान्य करतो. परंतु बँडचा ड्रमर लॅरी मलन या प्रयोगांत नव्हता; शस्त्रक्रियेमुळे त्याच्या जागी ब्राम फान डेन बर्ग वाजवत होता. १९७६ मध्ये ज्याने बँडसाठी वादक हवेत अशी शाळेच्या फलकावर सूचना लावली आणि ज्याच्या घरच्या स्वयंपाकघरात हा बँड पहिल्यांदा जमला, तोच माणूस जागेवर नाही; आणि तिथून परतलेल्या ज्यांना ज्यांना मी विचारले की ड्रम कसे वाटले, लय कुठे वेगळी लागली, त्यांनी मला उत्तरादाखल छताचे व्हिडिओ दाखवले. मधला, जवळजवळ पडद्याविना वाजवलेला भाग, ज्यात गाणी अधूनमधून बदलत, त्याचा एकही तुकडा त्यांच्याकडे नव्हता, कारण तिथे टिपण्यासारखे काही नव्हते म्हणे. चौघे जण समोर वाजवत होते, ते टिपण्यासारखे नव्हते का? तिकिटांचे दर चढत चालले आहेत, ते याच छतासाठी भरायला ही मंडळी आनंदाने तयार आहेत, आणि पुढच्या दौऱ्याची कुणकुण लागताच त्यांचा पहिला प्रश्न 'या वेळी स्टेज काय असणार?' हाच असेल. नवी गाणी कोणती, जुन्यांपैकी इतकी वर्षे न वाजवलेले कोणते परत येणार, लॅरीची पाठ आणि हात आता कसे आहेत, हे विचारा ना एकदा तरी!