डच आडनावं चेष्टेतून आलेली नाहीत

‘नेपोलियनने 1811 मध्ये डच लोकांवर आडनावांची सक्ती केली. हे राज्य चार दिवसांचं, असं समजून लोकांनी मुद्दाम “नागडा जन्मलेला” अशी आडनावं नोंदवली आणि ती कायमची चिकटली.’ हा मजकूर मराठीतही फिरतोय. त्याला शेपूट असं की, हॉलंडमध्ये डच बोलतात आणि बेल्जियममध्ये फ्लेमिश नावाची वेगळी भाषा. मला हे वाचून वाईट वाटतं, कारण ज्या नावांत अख्ख्या प्रदेशाची बोली जपलेली आहे, ती इथे हसण्यावारी जातात.

हुकूम खरा आहे, 18 ऑगस्ट 1811 चा. पण त्याआधी आडनावंच नव्हती, हे साफ चूक. 1606 मध्ये लायडनला जन्मलेल्या चित्रकाराचं पूर्ण नाव रेम्ब्रांट हार्मेन्सझोन फान राइन. म्हणजे रेम्ब्रांट, हार्मेनचा मुलगा, ऱ्हाइनकाठचा. स्वतःचं नाव, बापाचं नाव, मग ठिकाण. आपल्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

आडनाव नसलेली घरं जास्त होती ती फ्रीसलंड, ग्रोनिंगेन, ड्रेन्थे या उत्तरेकडच्या भागांत. तिथे बापाच्या नावावर भागत होतं. हुकमानंतर त्यांनी काय निवडलं ते बघा. फ्रीसलंडमध्ये ‘स्ट्रा’ हा प्रत्यय आपल्या ‘कर’सारखा चालतो: बांधाजवळचा तो डाइकस्ट्रा, कोपऱ्यावरचा तो हुकस्ट्रा. यात चेष्टा कुठे आहे? पूर्वेला ट्वेन्टेमध्ये माणसाला शेतवाडीचं नाव लागायचं, ‘इंक’ने संपणारं. तिथला फुटबॉलपटू यान फेनेखोर ऑफ हेसेलिंक. त्यातल्या ‘ऑफ’चा डचमध्ये अर्थ ‘किंवा’. दोन वाड्यांची नावं एका घराण्यात आली आणि दोन्ही टिकली.

राहिलं ‘नागडा जन्मलेला’, म्हणजे नाक्तखेबोरेन. हे नाव हुकमाच्या आधीपासून नोंदींत आहे. अभ्यासक ते जर्मन ‘नाखगेबोरेन’शी जोडतात: बाप वारल्यावर जन्मलेलं मूल. आणि ज्यांना हुकूम नकोसा होता त्यांनी नोंदच केली नाही. म्हणून तर 1825 मध्ये राजा विलेम पहिला याला तो पुन्हा काढावा लागला.

आता त्या मजकुराचं शेपूट. हॉलंड म्हणजे देश नव्हे. नेदरलँड्सच्या 12 प्रांतांपैकी उत्तर आणि दक्षिण हॉलंड हे दोन. जुन्या मराठीतला ‘वलंदेज’ही त्याच हॉलंडवरून, पोर्तुगीजांमार्फत आलेला.

बेल्जियमच्या उत्तर भागाची, म्हणजे फ्लँडर्सची, राजभाषा डचच आहे. 1980 मध्ये दोन्ही देशांनी करार करून एकच भाषासंघ स्थापला. खरं तर बेल्जियममधल्या अँटवर्पची बोली ब्राबांटी, म्हणजे ब्राबांट प्रदेशाची, सीमेपलीकडच्या ब्रेडाच्या बोलीची सख्खी बहीण. उलट नेदरलँड्सच्याच पोटातली फ्रिशियन ही स्वतंत्र भाषा. आग्नेयेकडच्या लिंबुर्गच्या बोलीत तर सूर बदलला की अर्थ बदलतो: ‘बाइन’ एका सुरात एक पाय, दुसऱ्या सुरात अनेक.

फरक आहे तो लिहिण्यात. रोमन लिपीत बेल्जियमचा फुटबॉलपटू केव्हिन डी ब्रुइन याच्या नावात ‘डी’चं पहिलं अक्षर मोठं, नेदरलँड्सचा फुटबॉलपटू फ्रेंकी डी योंग याच्या नावात लहान. वर्णानुक्रमाने लावलेल्या यादीत पहिला ‘डी’खाली सापडतो, दुसरा ‘योंग’खाली.