लाइन कुठली घेतली?

2023 च्या फेब्रुवारीत, मुलगा आठवीत असताना, त्याच्या दप्तराच्या तळाशी एक कागद सापडला. त्याच्यावर केळं फुटलं होतं. केळं पुसल्यावर कळलं, की हा चिरंजिवांच्या पुढच्या चार वर्षांचा आराखडा आहे आणि त्याच्यावर माझी सही उद्या हवी आहे.

मी मिरजेची. दहावी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. टीव्ही वर्षभर चादरीखाली, पेपरला निघताना हातावर दही-साखर, बाहेर मार्चचं ऊन, आणि पस्तीसला पास. अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसजवळच्या आमच्या गावात मात्र हायस्कूल पास होणं म्हणजे वाण्याची यादी. इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान तीन, सामाजिक शास्त्रं तीन, परकी भाषा दोन, पीटी एक, कला एक, वर सटरफटर पाच. झाली बावीस क्रेडिटं. क्रेडिट म्हणजे एका विषयाचं एक वर्ष. नवऱ्याने लगेच एक्सेल उघडलं. संकट आलं की माणसं देव्हाऱ्याकडे बघतात, हा एक्सेलकडे.

"बावीसवर कोण थांबतंय?" तो म्हणाला. "एन्डॉर्समेंट घेतली की सव्वीस लागतात."

एन्डॉर्समेंट म्हणजे आपली 'लाइन'. पर्याय पाच : स्टेम (म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित), बिझनेस, पब्लिक सर्व्हिस, आर्ट्स, आणि ज्याचं काहीच ठरत नाही त्याच्यासाठी मल्टिडिसिप्लिनरी. नववीत पाऊल टाकताना आपली लाइन लेखी कळवायची, असा टेक्सासचा कायदाच आहे. आमच्या मुलाला तेव्हा दुसरा मोजा कुठे आहे हे तोंडी सांगता येत नव्हतं.

पालकसभेत मी काउन्सेलर बाईंना विचारलं, "पण परीक्षा कधी असते?"

"कुठली?"

"मोठी."

मोठी अशी नसतेच म्हणे. पाच असतात : अल्जिब्रा वन, बायॉलॉजी, इंग्लिश वन, इंग्लिश टू आणि अमेरिकेचा इतिहास. तो तो विषय संपला की त्याची परीक्षा. "तुमचा मुलगा अल्जिब्रा आठवीतच घेतोय, म्हणजे त्याची पहिली अडीच महिन्यांत." एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढे डोनटचा खोका सरकवला. म्हणजे बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती आणि आमच्या घरातला टीव्ही उघडा होता!

नवरा गाडीत समजूत काढत होता. "अगं, आधी पंधरा होत्या. 2013 साली कायदा करून पाचवर आणल्या. आणि नापास झाला तर जूनमध्ये, डिसेंबरमध्ये परत देता येते. दोन विषय राहिलेच, तरी शाळेची समिती बसून ठरवते." म्हणजे आमच्याकडे एटीकेटी, यांच्याकडे कमिटी.

एक्सेल हळूहळू भरत गेलं. मुलगा सहावीपासून बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो, त्यामुळे कलेचं क्रेडिट आपसूक मिळणार. पण मार्चिंग बँडमध्ये गेला, तर पीटीचंही त्यातच सुटतं. हे मला फार लागलं. मी शाळेत कवायतीला चक्कर येऊन पडले होते. कुणी सांगितलं असतं, तर पिपाणी घेऊन पडले असते. त्याशिवाय सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावरचा प्रथमोपचार शिकायचा, त्यासाठी रबरी माणसाची छाती दाबायची. आणि बारावीला कॉलेजच्या आर्थिक मदतीचा सरकारी फॉर्म भरायचा. नको असेल, तर नको असल्याचा फॉर्म भरायचा.

अडलं परक्या भाषेपाशी. मला वाटलं होतं स्पॅनिश. पण मुलगा म्हणाला, प्रोग्रॅमिंगची लँग्वेजपण भाषेत धरतात, मी जावा घेतो. नवरा वीस वर्षं ऑफिसात जावाच बोलतोय. घरी तर तो काहीच बोलत नाही. त्यामुळे त्याचा ऊर भरून आला.

रविवारी सासूबाईंचा सांगलीहून फोन. "पोराने लाइन कुठली घेतली?"

"स्टेम, आई. आणि भाषा म्हणून जावा."

"जावांची भाषा?" पलीकडे जरा शांतता. "ती शिकवायला लागते होय तिकडे?"

परीक्षेच्या दिवशी मी दही-साखर घेऊन दारात उभी होते. तो "बस आली" म्हणत पळाला. दही मीच खाल्लं. जूनमध्ये निकाल आला. त्यात चार पायऱ्या असतात. सगळ्यात खाली 'डिड नॉट मीट', मग 'अप्रोचेस', 'मीट्स' आणि 'मास्टर्स'. यातली 'अप्रोचेस' ही पास. म्हणजे इयत्तेच्या आसपास फिरकलात तरी चालतं. आमच्या वेळी हा शेरा असता, तर आमच्या गल्लीत एकही मुलगा नापास झाला नसता. चिरंजीव 'मीट्स'वर होते. मी सासूबाईंना फोन लावला.

"किती टक्के पडले?"

"टक्के नसतात हो आई. 'भेटला' असं लिहिलंय."

"कोण भेटला?"

मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. क्रेडिटं, कमिटी, ट्रॉम्बोन, रबरी माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "पास आहे ना, मग झालं" म्हणाल्या आणि पेढे आणायला माणूस धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या जाऊबाईंचा व्हॉट्सॲपवर मेसेज : "अभिनंदन! आई सगळ्या वाड्याला सांगतायत, नातू वाजंत्र्यांत आहे आणि जावांची भाषा शिकतोय. काय गं, माझ्याबद्दल काय काय सांगितलंयस त्याला?"