पैसा कापला तरी पदव्या वाढल्या? हिशेब उलगडून पाहू

अमेरिकेतल्या सरकारी कॉलेजांबद्दल एक युक्तिवाद सतत पुढे केला जातो. थोडक्यात तो असा: राज्यांनी उच्च शिक्षणाचा पैसा कमी केला, तरी पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण वाढलंच. म्हणजे पैशाचा आणि पदवीचा संबंध नाही. शिक्षण अर्धवट सोडणारी मुलं मुळातच कच्ची असतात. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने तर संगणकाच्या जोरावर गळती थांबवून दाखवली. तेव्हा सरकारने निकाल, म्हणजे किती मुलं पदवी घेतात ते, बघावा आणि निकालाप्रमाणेच पैसे द्यावेत.

यातली बरीच वाक्यं सुटी घेतली तर अर्धी खरी आहेत. म्हणूनच ती एकत्र वाचताना पटत जातात.

‘पैसा कमी झाला तरी प्रमाण वाढलं.’ आकडा बरोबर आहे. 2009 मध्ये दाखल झालेल्यांपैकी सहा वर्षांत साधारण 53 टक्क्यांनी शिक्षण पूर्ण केलं, 2015 मध्ये दाखल झालेल्यांपैकी 62 टक्क्यांनी. पण राज्याचा पैसा कमी झाला म्हणजे कॉलेजाचा पैसा तेवढाच कमी झाला, असं होत नाही. मधली तूट विद्यार्थ्यांच्या खिशातून भरली गेली. 1980 मध्ये सरकारी कॉलेजांच्या शैक्षणिक उत्पन्नात फीचा वाटा एक पंचमांशाच्या आसपास होता. 2008 च्या मंदीनंतर तो जवळजवळ निम्म्यावर गेला. नावाजलेल्या राज्य विद्यापीठांना हे जमतं: फी वाढवायची, परराज्यातली, जास्त फी भरणारी मुलं घ्यायची. कम्युनिटी कॉलेजांकडे, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांची पदवी देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजांकडे, हा रस्ता नाही, कारण स्वस्त असणं हेच त्यांचं काम. अ‍ॅरिझोनाने 2015 मध्ये मॅरिकोपा आणि पिमा या दोन मोठ्या कम्युनिटी कॉलेज जिल्ह्यांचं राज्य अनुदान थेट शून्यावर आणलं. देशाच्या सरासरीत अशी कॉलेजं दिसतच नाहीत.

शिवाय 2009 हे वर्ष तुलनेसाठी सोयीचं आहे. मंदीत नोकऱ्या गेलेली मोठ्या वयाची माणसं तेव्हा कॉलेजात शिरली होती. पुढे ती कमी झाली, आणि तेवढ्यानेही सरासरी वर सरकते. त्यात आणखी एक अवघड गोष्ट आहे. अर्थतज्ज्ञ जेफ्री डेनिंग आणि सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या वाढीची कारणं शोधली, तेव्हा मोठा वाटा निघाला गुणांच्या खिरापतीचा. पदव्या वाढल्या, पण त्या काटकसरीमुळे वाढल्या असं म्हणायला त्यातून आधार मिळत नाही.

‘पैशाचा आणि पदवीचा संबंध नाही.’ डेव्हिड डेमिंग आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स या अर्थतज्ज्ञांनी 2017 मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. राज्याच्या तिजोरीतल्या चढउतारांमुळे कॉलेजांचा खर्च बदलला, तेव्हा प्रवेश आणि पदव्या दोन्ही त्याच दिशेने हलले. नुसती फी बदलली, तेव्हा फारसं काही हललं नाही. हा निष्कर्ष दोन्ही बाजूंना झोंबणारा आहे. ‘फी माफ केली की झालं’ म्हणणाऱ्यांनीही तो पुन्हा वाचावा. विद्यार्थी आत आल्यावर त्याच्यावर काय खर्च होतो, यावर बरंच काही ठरतं. हवा तो वर्ग याच सत्रात भरतो की पुढच्या, कुठला विषय घ्यावा हे विचारायला माणूस भेटतो की नाही, अशा साध्या गोष्टींतून तो खर्च दिसतो.

‘मुलंच कच्ची.’ हा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो. शाळेतली तयारी महत्त्वाची आहेच. 1972 आणि 1992 मध्ये शाळा संपवलेल्या पिढ्यांची तुलना बाउंड, लव्हनहाइम आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी केली. कॉलेजात गेलेल्यांपैकी पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण 50.5 वरून 45.9 टक्क्यांवर आलं होतं. तयारी हे त्यामागचं एक कारण होतंच. पण मुलं कोणत्या प्रकारच्या कॉलेजात गेली आणि तिथे दर विद्यार्थ्यामागे साधनं किती होती, याचा वाटा त्याहून मोठा निघाला.

आणि कच्च्या मुलांचं काय करता येतं, याचं उत्तर न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीकडे आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत 2007 पासून ‘एएसएपी’ हा दोन वर्षांची पदवी वेळेत पूर्ण करायला मदत करणारा कार्यक्रम चालतो. त्याची चाचणी चिठ्ठ्या टाकून झाली, म्हणजे कोण कार्यक्रमात आणि कोण बाहेर हे नशिबाने ठरलं. दोन्ही गटांत गरीब घरची आणि शाळेच्या पातळीचं गणित किंवा भाषा पुन्हा शिकावी लागणारी मुलं होती. कच्ची म्हणावीत तर हीच. तीन वर्षांनी बाहेरच्या गटातल्या 22 टक्के मुलांनी पदवी घेतली होती, आतल्या गटातल्या 40 टक्क्यांनी.

मुलांना काय दिलं, ते ऐकून कुणी चकित होणार नाही. पूर्ण वेळ शिकण्याची अट, आर्थिक मदतीनंतर उरलेली फी माफ, पुस्तकं, शिकवणी, आणि भुयारी रेल्वे-बसचा महिन्याचा पास. पास मिळवायचा तर सल्लागाराला भेटावंच लागे. एरवी त्या कॉलेजांत 600 ते 1,500 विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार. इथे 60 ते 80 मागे एक. माझ्या मते खरा फरक या शेवटच्या आकड्यात आहे, आणि अनुदान आटलं की पहिली काटछाट बहुधा अशाच ठिकाणी होते. प्राध्यापक काढला तर वर्ग बंद पडतो आणि बोंब होते. सल्लागार कमी झाला तर फक्त रांग लांबते.

खर्च? तीन वर्षांत दर विद्यार्थ्यामागे सुमारे 14,000 डॉलर जास्त. पण पदव्याही जवळजवळ दुप्पट झाल्या, त्यामुळे दर पदवीमागचा खर्च नेहमीपेक्षा कमी निघाला. ‘न्यूयॉर्कची गोष्ट वेगळी’ असंही म्हणता येत नाही: ओहायोतल्या तीन कम्युनिटी कॉलेजांनी हाच नमुना उचलला, आणि तिथे तीन वर्षांत 19 च्या जागी 35 टक्के मुलांनी पदवी घेतली.

‘जॉर्जिया स्टेटने पैशाविना केलं.’ केलं हे खरं, ‘पैशाविना’ नाही. सहा वर्षांत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण तिथे 2003 मधल्या 32 टक्क्यांवरून 54 च्या घरात गेलं, आणि वंशावंशांतली दरीही मिटली. हे कौतुकाचंच आहे. पण संगणक फक्त कोण मागे पडतंय याची धोक्याची सूचना देतो. ती पाहून विद्यार्थ्याला बोलावून घ्यायला त्यांनी डझनावारी नवे सल्लागार नेमले. थोडीशी फी थकली म्हणून नाव कटणाऱ्यांना 2011 पासून छोटी अनुदानं दिली. टिकलेल्या विद्यार्थ्यांच्या फीतून यातला खर्च भरून निघतो, हे मान्य. पण त्यासाठी आधी खिशात पैसे लागतात आणि फीही बऱ्यापैकी असावी लागते. कम्युनिटी कॉलेजांत दोन्हींची वानवा असते.

‘निकालावर पैसे द्या.’ टेनेसीने ही कल्पना 1979 मध्येच आणली, म्हणजे ती तपासायला भरपूर वेळ मिळाला आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांना 2007 पासून असे पैसे मिळू लागले. निकोलस हिलमन आणि सहकाऱ्यांनी त्यांची इतर राज्यांशी तुलना केली, तेव्हा दोन वर्षांच्या पदव्या वाढल्याचं दिसलं नाही. वाढली ती अल्प मुदतीची प्रमाणपत्रं.