काउन्सेलरकडे मुलाला 'तयार करून' न्या म्हणे!

परवा मामेबहिणीकडे गेले तर तिचा आठ वर्षांचा मुलगा कॉटवर मांडी घालून काहीतरी पाठ करत होता. मला वाटलं शाळेची कविता असेल. जवळ जाऊन ऐकलं तर, "मला बाबांकडे असुरक्षित वाटतं आणि माझा मानसिक विकास आईकडेच होईल." 'मानसिक'वर दोनदा अडखळला. ताईला विचारलं हे काय चाललंय, तर तिने मोबाईलच पुढे केला. तोच मेसेज, 'फॅमिली कोर्टात काउन्सेलिंग, मिडिएशनला जाण्याआधी हे ५ मुद्दे वाचाच', जो माझ्याकडे पण तीन ग्रुपवर येऊन पडलाय आणि खाली लिहिणाऱ्याचं ना नाव ना गाव. इतके दिवस सोडून देत होते, आता नाही.

चौथ्या मुद्द्यापासूनच सुरू करते कारण डोकं त्यानेच फिरलंय. "मुलाला काय बोलायचं ते तयार करून न्या, कोर्ट मुलाचंच ऐकतं." पहिली गोष्ट, कोर्ट मुलाचं'च' ऐकत नाही. १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा आहे, मुलाचं पालकत्व कोणाकडे द्यायचं ते ठरवणारा, त्याच्या कलम १७ मध्ये मूल समजून सांगण्याइतकं मोठं असेल तर त्याची इच्छा विचारात घेता येते असं आहे, पण मुख्य बघायचं ते त्याचं हित. दुसरी गोष्ट, अहो काउन्सेलर रोज हीच मुलं बघतात हो! आठ वर्षांचं पोर 'मानसिक विकास' म्हणत नाही, ते म्हणतं "बाबा रविवारी येतो म्हणाले आणि आलेच नाहीत", नाहीतर "आई फोनवर ओरडायला लागली की मी गॅलरीत जाऊन बसतो". दप्तर कोण भरतं, रात्री भीती वाटली तर कोणाला उठवतोस, असे दोन साधे प्रश्न आले की पाठ केलेलं सगळं गळून पडतं, मग मूल बावरतं, आईकडे बघायला लागतं, आणि शिकवून आणलंय हे सांगायला कोणी लागत नाही. त्याचा फायदा कोणाला होणार ते सांगा.

आणि मुलाचं काय होतं? ताई चहा टाकायला आत गेली तेव्हा त्याने मला हळूच विचारलं, "मावशी, मी विसरलो तर आई हरेल का?"

आता मुद्दा दोन, "तिथे बोललेलं सगळं जजकडे जातं, म्हणून गुपचूप रेकॉर्ड करा." इथे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. मिडिएशनमधलं, म्हणजे मध्यस्थासमोर तडजोडीसाठी बसतात तिथलं, बोलणं गोपनीयच असतं, तडजोड झाली तर ती लिहून कोर्टात जाते, नाही झाली तर 'झाली नाही' एवढंच जातं. पण दिल्लीच्या एका कस्टडीच्या, म्हणजे मुलाच्या ताब्याच्या, केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१९ ला स्पष्ट सांगितलंय की मुलाशी बोलून काउन्सेलरने दिलेला रिपोर्ट कोर्ट बघू शकतं, कारण तिथे प्रश्न मुलाच्या हिताचा असतो. म्हणजे मिडिएटर वेगळा, काउन्सेलर वेगळा, आणि मेसेजवाल्याने दोघांची खिचडी केलीय. बरं, रिपोर्ट वाचला जाऊ शकतो हे कळल्यावर कोणी पोराला पढवून पाठवेल का? स्वतःच्या चौथ्या मुद्द्यावर यानेच पाणी ओतलंय. रेकॉर्डिंगचं म्हणाल तर २०२३ च्या मिडिएशन कायद्यात ते करायचं नाही असंच लिहिलंय.

तिसरा, "हे लोक फक्त जुळवून घ्या म्हणतात." म्हणतात काही जण, खोटं कशाला बोलू. १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्याचं कलम ९ समेटाचा प्रयत्न करा असं कोर्टालाच सांगतं, त्यामुळे सुरुवात तिथून होते. पण समेट म्हणजे परत एकत्र राहाच असं नाही, वेगळं होताना सुट्ट्या कोणाकडे, फी कोण भरणार, आजीआजोबांना मूल कधी भेटणार हे ठरलं तरी तो समेटच, आणि हे दोघांनी बसून ठरवलेलं बरं की तारखांवर तारखा घेऊन? हां, मारहाण असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा समोरासमोर बसायचं नाही हे आधीच सांगा. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात काउन्सेलिंग एकेकट्याचं पण करता येतं, आणि २००६ च्या नियमांप्रमाणे मारणाऱ्याला तिथे 'तिने असं केलं म्हणून मारलं' हे समर्थन देताच येत नाही. मेसेजमध्ये खरं तर हे हवं होतं.

पहिला, "गेलात की केस वीक होते", यावर काय बोलणार, कोर्टानेच पाठवलंय तर जाऊन केस वीक कशी होईल.

पाचवा, "एकदा सही केली की मूल कायमचं गेलं". कस्टडीची ऑर्डर कायमची नसतेच मुळी. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ बघा, परिस्थिती बदलली की कोर्टाकडे परत जाऊन ती बदलून मागता येते. वाचल्याशिवाय सही करू नका एवढंच सांगायचं होतं तर तेवढंच सांगायचं ना.

ताईला विचारलं मेसेज पाठवला कोणी, तर म्हणे ऑफिसमधली एकजण. तिची केस चालू आहे का? नाही, तिचं लग्नच झालेलं नाही. पाठांतर सध्या बंद आहे, निदान मी समोर असते तेव्हा तरी.